मनी प्लांटचे आजारपण

मूळची प्रशांत महासागरातील मोरेआ बेटावरची, अळूच्याच कुळातील आणि मराठी घरात ‘मनी प्लांट’ या नावाने मानाचे स्थान मिळवलेली वेल दिवाणखान्यात मान टाकू लागली, की प्रथम दिशांची चौकशी होते, आग्नेय कोपरा तपासला जातो आणि रोप चोरून न आणता विकत आणल्याचा दोषही निघतो. मात्र कुंडीच्या बुडाला भोक आहे की नाही, हे पाहण्याइतके कोणी खाली वाकत नाही. त्यानंतरचा सर्वमान्य उपचार म्हणजे आणखी तांब्याभर पाणी. वस्तुतः पाने तहानेने लोंबतात तशीच अतिपाण्यानेही लोंबतात, कारण चिखलात हवा न मिळालेली मुळे कुजतात, ज्याला ‘मूळकूज’ म्हणतात, आणि कुजलेले मूळ पाण्यात बुडालेले असूनही पाणी ओढू शकत नाही. निदानासाठी पंचांग नव्हे, बोट लागते: ते दोन पेरे मातीत खुपसावे, माती कोरडी असल्यास पाणी द्यावे, ओली व आंबूस वासाची असल्यास रोप उपसून काळी, लिबलिबीत मुळे छाटावीत आणि ते निचऱ्याच्या मातीत पुन्हा लावावे. मुळे उरलीच नसतील, तर पान जेथून फुटते ती गाठ राखून कापलेला निरोगी तुकडा पाण्याच्या बाटलीत ठेवावा. एवढे करून लक्ष्मी येईलच असे नाही. नव्या रोपाचे पैसे मात्र वाचतील, आणि या वेलीची खात्रीची कमाई तेवढीच आहे.