सा नाने

माझे सासरे, म्हणजे आमचे नाना, बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांना घरबसल्या पदविका घेण्याचं व्यसन लागलं. मोडी लिपी झाली, ज्योतिष झालं, मधमाश्याही झाल्या. प्रत्येकाची फाइल वेगळी. पहिले चार धडे पेन्सिलीने रंगवलेले, पाचव्यापासून कोरं करकरीत. दार-ए-सलामला आमच्याकडे सहा महिने यायचं ठरलं, तेव्हा एका विद्यापीठाचं दूरशिक्षणाचं स्वाहिली त्यांनी घेतलं.

ज्या शहरात केळेवालीपासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळे दिवसभर स्वाहिलीच बोलतात, तिथे नाना दार लावून, कानाला हेडफोन लावून स्वाहिली शिकतात. "जरा खाली जाऊन बोला की," म्हटलं तर म्हणतात, "संभाषण अकराव्या धड्यात आहे."

व्याकरण मात्र चोख. स्वाहिलीत नामांना लिंग नाही, वर्ग आहेत. अरबीतून आलेलं 'किताबू' त्या भाषेने 'कि'वरून आपल्या पंगतीत बसवलं आणि अनेकवचन केलं 'विताबू'. यावर नाना अर्धा तास बोलू शकतात. दोन मुलं 'वातोतो वाविली', दोन पुस्तकं 'विताबू विविली', दोन केळी 'न्दिझी म्बिली'. "प्रत्येकाचा दोन वेगळा? ही काय चेष्टा आहे?" दोघे-दोघी-दोन करत सत्तरी गाठलेला माणूस हे विचारतो! केळेवालीपुढे ते पुटपुटत वर्ग लावत उभे राहतात. वर्ग लागेपर्यंत तिने फणी पिशवीत घालून पैशांसाठी हात पुढे केलेला असतो.

नात्यांनी तर त्यांचा पार छळ मांडला. इथे 'मामा' म्हणजे आई, 'काका' म्हणजे भाऊ, 'दादा' म्हणजे बहीण. घरकामाच्या मुलीलाही दादाच म्हणतात. "दादा, चहा टाकतेस का?" असं विचारताना नाना नकळत बसल्या जागी सावरून बसतात. ती बिचारी रोज सकाळी त्यांना 'शिकामो' म्हणते. लहानांनी मोठ्यांना करायचा हा नमस्कार, मूळ अर्थ 'पाय धरते' असा. उत्तर 'माराहाबा'. नानांनी वहीत लिहिलं : शिकामो, अत्यंत आदरार्थी.

मग तोंडी परीक्षा आली, फोनवर, 'सा नाने' वाजता. नाने म्हणजे आठ. नाना साडेसातलाच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसले. नऊ वाजले, दहा वाजले. "यांना वेळेची किंमत नाही," म्हणून जेवले आणि आडवे झाले. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक, दुपारचे दोन म्हणजे आठ. हे तेराव्या धड्यात आहे.

बरोबर दोनला दादा धावत आली, "बाबू, सिमू!" आजोबा, फोन! नाना धडपडत उठले, आधी शर्टाची बटणं लावली, मग फोन घेतला. पलीकडे पंचविशीतली वाटणारी एक बाई. नानांनी घसा खाकरला आणि वहीतला सर्वांत आदराचा शब्द काढला.

"शिकामो!"

तिकडे सामसूम. इकडे दादा अंगावर गुंडाळलेल्या कांग्याचा पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली.