कोकणातल्या गॅरेजला शटर बसवण्याविषयी कोल्हापूरकरांना सूचना

कोल्हापूरकराच्या हातात चार पैसे खेळू लागले की त्याला घाट उतरून समुद्राकाठी एक घर हवंसं वाटतं. मालवण, देवगड, वेंगुर्ला, जमेल तिथं. घर झालं की गाडीला गॅरेज लागतं आणि गॅरेजला दरवाजा लागतो. दरवाजापर्यंत माणूस सुखी असतो. प्रस्तुत मार्गदर्शन त्यापुढच्या अवस्थेतल्या लोकांसाठी आहे. त्यासाठी आमच्या दाजींच्या मालवणच्या घराचा सखोल अभ्यास करण्यात आला. दाजींची परवानगी घेण्यात आलेली नाही.

नियम १. समुद्राला पंचगंगा समजू नये.

पाणी या विषयात कोल्हापूरकराला कुणी शिकवू नये. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ मध्ये तर पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं आपण पाहिलं. पण पंचगंगेचा व्यवहार रोखठोक आहे. ती सांगून येते, गाळ ठेवते आणि जाते. मग शटर वर करायचं, पाईप लावून गाळ काढायचा, ऑईल मारायचं आणि दुकान उघडायचं.

समुद्र गॅरेजात पाऊलही टाकत नाही. तो नुसतं मीठ पाठवतो, वाऱ्याबरोबर, बारा महिने. या मिठाला इशारा पातळी नसते. दाजी कोरड्या ठणठणीत अंगणात उभे राहून "पाणी कुठाय?" असं विचारत होते, तेव्हा त्यांच्या पाठीमागं गेटची नवी कडी तांबूस झालेली होती.

नियम २. जाडीवर जाऊ नये.

शटरचा पत्रा गेजवर मोजतात आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १८ गेज जाड, २२ गेज पातळ. दाजींना हे माहीत असल्यामुळे त्यांनी दुकानात पाय ठेवताच "१८ च्या खाली बोलायचं नाय" असं जाहीर केलं. "ट्रक धडकला तरी वाकाय नको." त्यांच्या गल्लीत रिक्षासुद्धा उलटी घेत आणावी लागते, पण तो मुद्दा दुकानदारापुढं काढण्याची ती वेळ नव्हती.

विचारायचं ते वेगळंच. पत्र्यावर जस्त किती? गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचा जस्ताचा थर जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून किती ग्रॅम. १२० जीएसएमचा मिळतो, २७५ चाही मिळतो. समुद्राकाठी २७५ च मागा. आकडा मोठा दिसतो, पण तोही थर एका बाजूला जेमतेम वीस मायक्रॉन भरतो. समुद्राची आणि तुमची लढाई या वीस मायक्रॉनमध्येच व्हायची असते. आतलं लोखंड किती जाड आहे, याचा उपयोग लढाई हरल्यावर. साध्या काळ्या लोखंडाला रंग मारून तिथं बसवणं म्हणजे रंगवाल्याला कायमची नोकरी देणं.

नियम ३. गावाचा अभिमान घाटमाथ्यावर ठेवून खाली उतरावं.

हा नियम पाळता येत नाही. तरी लिहून ठेवतो.

मालवणात शटरवाले आहेत, कणकवलीत आहेत, कुडाळात आहेत. पण कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर असताना दुसरीकडं लोखंड विकत घ्यायचं, हे दाजींच्या धर्मात बसत नाही. त्यांचा युक्तिवाद असा: ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, त्या गावाला एक शटर जमणार नाही? याला उत्तर नाही. कॅमेरा समुद्रकिनारी बाहेर टांगून ठेवला नव्हता, हे उत्तर मनात येतं, पण ते बहिणीच्या नवऱ्याला देण्यासारखं नाही. शेवटी शटर टेम्पोत चढलं, राधानगरीवरून फोंडा घाट उतरलं आणि मालवणात पोचलं. शेजारच्या काकांनी ते पट्टीपट्टीला हात लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "लोखंड हय टिकना नाय." तज्ज्ञाचा सल्ला इतका स्वस्त पुन्हा मिळत नाही.

नियम ४. पैसे असतील तर ॲल्युमिनियम घ्यावं.

ॲल्युमिनियम तांबूस गंजत नाही, वजनाला हलकं असतं, त्यामुळे स्प्रिंगवर ताण कमी येतो. पोचा पडतो, हे खरं. दाजींनी दुकानात त्याला टिचकी मारली आणि "डबा हाय नुसता" म्हणून विषय संपवला.

नियम ५. नटबोल्ट स्वतः आणावेत.

लाखाचं शटर पाच रुपयांच्या स्क्रूवर लटकतं. शटरवाला पट्ट्या चांगल्या देतो आणि स्क्रू खिशात सापडेल तो मारतो. पहिला गंज तिथंच धरतो. म्हणून बोल्ट स्टेनलेसचे घ्या, आणि स्टेनलेसमध्येही ३१६ ग्रेडचे. ३०४ ला खाऱ्या हवेत चहा सांडल्यासारखे डाग पडतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठापुढं जास्त तग धरतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल. त्या प्रयोगाला टाळी वाजवावी आणि बिलावर ग्रेड लिहून घ्यावा, कारण लोहचुंबकाला ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही.

शटर ॲल्युमिनियमचं असेल तर स्टीलच्या बोल्टखाली नायलॉनचा वॉशर टाका. खारट ओलाव्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजू लागतं आणि बोल्टभोवती पांढरी पूड धरते.

नियम ६. जांभ्याला काळा दगड समजू नये.

आपल्याकडच्या मेस्त्रीचा हात काळ्या दगडावर बसलेला. तो कोकणातल्या चिऱ्याच्या भिंतीला ड्रिल लावतो आणि लोण्यात गेल्यासारखं आत गेलं म्हणून खूश होतो. जे सहज आत जातं ते सहज बाहेरही येतं. जांभा सच्छिद्र असतो, फास्टनर त्यात नीट पकडत नाही. शटर वरखाली होऊन दोन-चार महिने हादरे बसले की ब्रॅकेट सैल होतं. म्हणून दोन्ही बाजूंना काँक्रीटचे खांब आणि वर लिंटेल घ्या, आणि ब्रॅकेट त्यांनाच धरा. चिराच असेल तर बोल्ट भिंतीतून आरपार काढून मागं प्लेट लावा.

माप घेताना रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या. वर शटरची गुंडाळी मावायला फूट-दीड फूट मोकळं ठेवा. गुंडाळी भिंतीच्या आतल्या बाजूला ठेवलेली बरी.

नियम ७. मोटर घ्यावी, पण साखळी सोडू नये.

रिमोट दाबला की शटर वर. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. दाजींना हे पटलं नाही. "पाव्हणं, राधानगरीचे सात दरवाजे बघा. धरण भरलं की आपोआप उघडत्यात. मोटर न्हाय, रिमोट न्हाय. शाहू महाराजांचं धरण." दाखला बिनतोड आहे. एवढंच, की ते दरवाजे गोड्या पाण्यावर चालतात, आणि धरण भरायला आपल्या गॅरेजमागं भोगावती नाही.

पण दाजींचा संशय अर्धा बरोबर होता. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा सिंधुदुर्गातली कित्येक गावं अंधारात होती. मोटरवर शटर असेल तर ते हातानं उघडायची साखळी हवीच, नाहीतर गाडी आत आणि तुम्ही बाहेर. रुंद शटर वाऱ्यानं फुगतं आणि पट्ट्या गाईडमधून निसटतात. म्हणून गाईड खोल घ्या आणि पट्ट्यांच्या टोकांना विंड लॉक लावून मागा.

नियम ८. गाईडमध्ये ग्रीस भरू नये.

वाळू चिकटते. सिलिकॉन स्प्रे मारा. दाजींनी ग्रीसच भरलं, तेही कोपरापर्यंत हात माखून, आणि त्या संध्याकाळी ते जितके आनंदात होते तितके मी त्यांना रंकाळ्यावर भेळ खातानासुद्धा पाहिलेलं नाही.

नियम ९. मुहूर्त.

जूनपासून पाऊस. गणपतीच्या आगेमागे कोकणात मेस्त्री मिळत नाही, मिळाला तर तो आरतीला असतो. मे महिन्यात मुंबईकर आलेले असतात आणि त्यांचीही शटरं असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच काळ आपला.

नियम १०. धुवावं.

लोकांना वाटतं पावसात भिजणारी बाजू आधी गंजते. तिच्यावरचं मीठ निदान पाऊस तरी धुतो. गंजते ती आडोशातली बाजू: आतला पत्रा, गुंडाळीतली स्प्रिंग, गाईडची तळाची टोकं. तिथं साचलेलं मीठ कुणी धुवत नाही आणि ते हवेतला ओलावा धरून बसतं. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याचा पाईप आतूनबाहेरून फिरवा, शटर दोन-चारदा पूर्ण वरखाली करा. बंद ठेवलेलं शटर वापरातल्या शटरच्या आधी जातं.

इथं दाजींना श्रेय द्यायला हवं. त्यांनी चुकीचा पत्रा घेतला, चुकीचं ग्रीस भरलं, पण ते दर महिन्याला घाट उतरतात, गाडी धुतात आणि पाईप हातात आहे म्हणून शटरही धुतात. त्याच गल्लीत एका पुणेकरांनी सगळे नियम पाळून ॲल्युमिनियमचं शटर बसवलं आणि ते वर्षातून एकदा दिवाळीत येतात. त्यांचं शटर आता निम्म्यावर अडकतं, दाजींचं अजून चालतं.

तेव्हा वाचकहो, शटर निवडण्याआधी स्वतःला विचारा, आपण तिथं जाणार किती वेळा? वर्षातून एकदाच जाणार असाल तर शटर बसवू नका. गाडीवर ताडपत्री टाका आणि वाचलेल्या पैशात मालवणात मासे खा.