जेवलेला माणूस

लग्नाच्या हॉलमध्ये आमच्या मामांना "जेवलात का?" विचारायचं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ताटं गोळा करणाऱ्या पोराला ठाऊक नव्हतं. मामा हातात कोरं ताट घेऊन रांग कमी व्हायची वाट बघत बसले होते. पोराने विचारलं, "आजोबा, तुम्ही जेवलेले आहात ना?"

झालं. बत्तीस वर्षं हायस्कुलात संस्कृत शिकवून मामांनी निवृत्तीनंतर लॅटिन धरलं. तेव्हापासून नातेवाईक त्यांच्याशी शक्यतो क्रियापदाशिवाय बोलतात.

"खाल्लेला आंबा म्हणजे कुणीतरी तो खाल्ला. मग जेवलेल्या माणसाला कोण जेवलं?"

पोरगं ताटाकडे बघत राहिलं.

"घाबरू नकोस, रोमन लोकांचीही हीच गत. लॅटिनमधलं भूतकाळी धातुसाधित एरवी कर्मणी. 'आमातुस' म्हणजे ज्याच्यावर कुणी प्रेम केलं तो. पण 'केनातुस'? जेवून उठलेला! 'युरातुस', शपथ घेतलेला! आणि 'पोतुस' म्हणजे प्यायलेली दारूही, प्यायलेला माणूसही. अगदी आपल्यासारखं!"

(चर्चमधले लोक 'चेनातुस' म्हणतात. मामांसमोर म्हणू नये.)

'प्यायलेला माणूस' ऐकून शेजारच्या टेबलावरचे काका उगाचच शर्ट नीट करू लागले. विषय बदलावा म्हणून शेअर बाजारवाल्या भाचेजावयाने तोंड घातलं, "मामा, भूतकाळ सोडा, फ्यूचरचं बोला."

यापेक्षा त्याने पैसे मागितले असते तर बरं. कारण 'फ्यूचर' निघालं 'फुतुरुस'वरून, आणि ते भविष्यकाळी धातुसाधित निघालं: होणार असलेला. मग 'मोरितुरुस', मरणार असलेला. 'केनातुरुस', जेवणार असलेला. एवढं सगळं मराठीत एकटा 'णार' ओढतो, याचं मामांना भारी कौतुक. तेवढ्यापुरते ते मराठीला दहापैकी आठ देतात.

'णार'चं कौतुक संपेपर्यंत टेबलं दुमडायला सुरुवात झाली होती. पोराने मधेच केव्हातरी ताट काढून नेलं होतं. मामी उरलेला मसालेभात डब्यात दाबून भरत होती. तिने तिथूनच विचारलं, "अहो, जेवलात ना?"

मामांनी रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"केनातुरुस," ते हळूच म्हणाले.

"ते संपलं," मामी म्हणाली. "मठ्ठा आहे थोडा."