पाच एचपीचा मदरबोर्ड

मदरबोर्ड महाग घ्यावा की स्वस्त, यावर पुण्या-मुंबईची पोरं रात्री जागवतात. आमच्या सास्तूरला या प्रश्नापायी कोणाची झोप उडालेली मी पाहिली नाही. इथं बोर्डाची परीक्षा एकाच गोष्टीवर होते: लाइट जाऊन आली की गडी पुन्हा उठतो का? लोहाऱ्याला आमच्या ओळखीच्या एकाचं सेवा केंद्र आहे. त्याच्या कॉम्प्युटरात बोर्ड कुठल्या कंपनीचा, हे त्यालाही सांगता येत नाही, कारण नाव होतं ते धुळीखाली गेलं. कॅबिनेटचं एक झाकण कायमचं काढलेलं, आत पालीचं बिऱ्हाड. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे दाखले, पीकविम्याचे अर्ज, सगळं त्यानं मुकाट ओढलं. पंखा खरखरायला लागला की मालक बाजूला एक चापट मारतो आणि पुढच्याला हाक मारतो. स्थिरता म्हणून जे काही असतं ते मी तिथं पाहिलंय.

अशा मुलखात माझ्या पुतण्यानं उंची मदरबोर्ड आणला. तो लग्नांचं शूटिंग करतो. पूर्वी शूटिंग म्हणजे अक्षता, पंगत आणि नवरीचं रडणं. आता ड्रोन, फोर-के आणि लग्नाआधीच नवरा-नवरीला नळदुर्गच्या किल्ल्यात पळवत नेणं. एवढं सगळं जुन्या मशिनवर जोडायचं तर जोडप्याला पहिलं मूल होईपर्यंत कॅसेट मिळत नाही (कॅसेट गेली, शब्द राहिला). म्हणून त्यानं किडूकमिडूक मोडून, उरलेल्याचा हप्ता लावून तो बोर्ड मागवला. खोकं एवढं देखणं की वहिनीनं ते अजून टाकलेलं नाही; त्यात पापड ठेवते.

बोर्डावर जागोजागी धातूची जाड कवचं होती. पुतण्या म्हणाला, "काका, हातात घेऊन बघा, काय दणकट आहे." मी घेतला. तात्यांनीही घेतला. तात्या म्हणजे माझे थोरले बंधू, पुतण्याचे वडील. त्यांनी तो तोलून परत दिला आणि म्हणाले, "वजनावर जाऊ नको बाबा. आपली जुनी भिंत दोन हात रुंद होती."

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात ज्या घरांनी जास्त जीव घेतले ती दिसायला सगळ्यात भक्कम होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. नंतर गावं नव्यानं उभी करताना इंजिनिअर लोक शिकवून गेले की जाडी म्हणजे ताकद नव्हे. भिंतींना जोत्यावर, चौकटीवर आणि छताखाली काँक्रीटचे पट्टे हवेत, सगळं एकमेकांत बांधलेलं हवं, आणि डोक्यावर ओझं कमी हवं. तेव्हापासून आमच्याकडं निव्वळ वजनाला कोणी मान देत नाही. पुतण्याचा जन्म त्यानंतरचा. त्याला हे ऐकून माहीत आहे, तात्यांना खांद्यातून माहीत आहे.

म्हणूनच जोडणी चालू असताना तात्यांची नजर बरोबर ग्राफिक्स कार्डावर गेली. दोन किलोच्या आसपासचं ते धूड एका बाजूनं बोर्डाच्या खाचेत खोचलेलं, दुसरी बाजू अधांतरी.

"ह्याला टेकू कुठाय?"

"तात्या, त्या खाचेला स्टीलचं मढवण असतंय. कंपनीनं विचार केलेला असतो."

"कंपनीनं केला आसंल. टेकू कुठाय?"

तात्या आत गेले आणि वहिनीचा जुना कुंकवाचा लाकडी करंडा घेऊन आले. तो कार्डाच्या मोकळ्या टोकाखाली असा चपखल बसला की जणू त्याच मापानं कातला होता. लाकूड असल्यानं विजेचंही भय नाही. पुढं पुतण्याला कळलं की अशा कार्डांसाठी खास टेकू विकत मिळतात. तोवर करंडा रुळला होता. काचेच्या कॅबिनेटात सात रंगांचे दिवे पळतात आणि मधे हळदी-कुंकवाचे डाग पडलेला करंडा उभा. पावसाळ्यात त्या दिव्यांवर पाखरं येतात ते वेगळंच.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पडदा काळा. नव्या जातीची डीडीआर-५ मेमरी बसवली की बोर्ड आधी तिची पारख करत बसतो. प्रत्येक तारेवरून सिग्नल धाडून वेळा जुळवून घेतो. मेमरी भरपूर असली तर यात काही मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ मशिन मेल्यासारखं दिसतं. वहिनीनं मधल्या वेळात नारळ फोडला. पडदा उजळल्याचं श्रेय अर्थातच नारळाला गेलं.

महागड्या बोर्डावर आणखी एक सोय असते. कोपऱ्यात दोन अक्षरांची चिमुकली पाटी, बोर्ड कुठं अडकला ते सांगणारी. ५५ आलं तर मेमरी सापडत नाही, असा तिचा संकेत. आमच्या गल्लीतला एकजण रोज सकाळी दारात येऊन विचारू लागला, "आज कितीवर अडकलंय?" त्याला कॉम्प्युटरची एवढी कळकळ कुठून आली, याचं आम्हाला कौतुक वाटे. मग उलगडा झाला: तो ती जोडी मटक्याला लावत होता. त्याचं दुर्दैव असं की ही पाटी सोळाच्या पाढ्यानं चालते, नऊच्या पुढं ए, बी, सी, डी येतात. एके दिवशी ए-२ आलं. "मधेच एबीसीडी कशी आली?" म्हणून तो पुतण्याशीच भांडला.

याच मशिनला झटक्याचीही खोड होती. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बोटांना मुंग्या येत. पुतण्याला वाटलं बोर्ड खराब. वायरमननं टेस्टर लावला, तो मंद पेटला, आणि त्यानं भिंतीतल्या सॉकेटकडं बोट दाखवलं. तीन भोकांपैकी वरचं मोठं भोक शोभेचं होतं, त्यामागं तारच नव्हती. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये तारेतली घाण गाळायला बारीक कॅपॅसिटर असतात. त्यांना अर्थिंग मिळालं नाही की अख्खा पत्रा निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट नावाला असतो, माणूस मरत नाही, पण हजारो रुपयांच्या नाजूक बोर्डाला असं लोंबकळत ठेवणं बरं नव्हे. मग परसात खड्डा घेतला. पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि खडेमीठ थरावर थर, वरून पाणी. उन्हाळ्यात तो खड्डा वाळू द्यायचा नसतो. वहिनी सकाळी तुळशीला पाणी घालते आणि उरलेला तांब्या मदरबोर्डाला.

मुंग्या गेल्या, पण मशिन मधेच अडून निळा पडदा येणं राहिलं. व्हिडिओ जोडताना हळद नीट पार पडायची, अक्षता पडायच्या, आणि वरात निघाली की मशिन कोसळायचं. पुतण्यानं शोधाशोध केली तेव्हा जगाचं दुखणं कळलं. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या दर्जाचे प्रोसेसर ठिकठिकाणी असेच कोसळत होते. आधी बोट गेलं मदरबोर्डांकडं, कारण पुष्कळ उंची बोर्ड कारखान्यातूनच मर्यादा उठवून येत. जुलैत इंटेलनं कबूल केलं की प्रोसेसर स्वतःच नको तेवढं व्होल्टेज मागत होता. ऑगस्टात दुरुस्ती आली, मागणी १.५५ व्होल्टच्या वर जाऊ न देणारी, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पुतण्याच्या मशिनचं दुखणं हे नव्हतं. पण त्या वाचनात एक आकडा निघाला आणि तो आमच्या घरात कायमचा राहिला.

इंटेलनं अशा प्रोसेसरला २५३ वॉटची मर्यादा सांगितलेली. कित्येक महाग बोर्डांवर त्या जागी आकडा असे ४०९५.

"चार हजार पंच्याण्णव?" तात्या चमकले. त्यांनी मनात हिशेब केला. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, पाच एचपीची मोटर ३७३० वॉट. "म्हंजे बोअरची मोटर चालवून वर दोन-चार पंखे. एवढी लाइट त्या बोटभर चिपला?"

पुतण्यानं समजावलं की तेवढी कोणी ओढत नाही. त्या रकान्यात मावणारा सगळ्यात मोठा पूर्ण आकडा ४०९५, म्हणजे थोडक्यात 'पाहिजे तेवढं घे'. परीक्षणात शेजारच्या बोर्डापेक्षा दोन गुण जास्त पडावेत म्हणून ही उदारता, असं माझं मत. स्वस्त बोर्डाला ती परवडत नाही. त्याच्या अंगात एवढा करंट पुरवायची ताकदच नसते, म्हणून तो आपला पायरी ओळखून वागतो.

खबरदारी म्हणून बायोस, म्हणजे बोर्डाचा मूळ प्रोग्रॅम, बदलायचं ठरलं. हे काम मिनिटांचं, पण मधेच लाइट गेली तर बोर्डाचा दगड होऊ शकतो. महाग बोर्डावर पेनड्राइव्हनं पुन्हा जिवंत करायचं बटण असतं, तरी प्रसंग कोणी ओढवून घ्यावा? रात्री जेवणं उरकल्यावर घरात संचारबंदी लागली. मिक्सर बंद, फ्रिज बंद, पाण्याची मोटर बंद. तात्या शेजारी सांगून आले, "घडीभर काई चालू करू नका, आमच्याकडं बायोस हाय." शेजारणीनं काळजीनं विचारलं, "कोणाला?" पडद्यावर टक्के सरकत होते. ब्याण्णवला ते जरा रेंगाळले तेव्हा वहिनीनं पदर डोक्यावर घेतला. काम झालं. लाइट गेली नाही. रात्रभर गेली नाही, सकाळीही गेली नाही. तात्या म्हणाले, "रोजच करत जा बाबा बायोस."

खरं कारण शेवटी मेमरीत निघालं. पुतण्यानं हौसेनं चारही खाचा भरल्या होत्या आणि वेग ठेवला होता ६०००. बोर्डाच्या खोक्यावर तर ७८०० छापलेलं. पुढं 'ओसी' ही दोन अक्षरं बारीक, म्हणजे जमलं तर जमलं. चार पट्ट्या लावल्या की हा वेग बराच खाली उतरवावा लागतो, आणि माहितीपुस्तिकेत तसं लिहिलेलंही असतं. ४४०० वर आणलं आणि वरात पोचली. पुतण्याला मात्र ते अपमानास्पद वाटलं. एवढा पैसा ओतून हळू चालवायचं? मी त्याला म्हटलं, अरे, वरात हळूच चालते.

परवा आमच्या चुलतभावाच्या मुलाचा पुण्याहून फोन होता. तो हिंजवडीला असतो, त्याच्याकडंही असाच उंची बोर्ड, गेम खेळण्यापुरता. त्याचंही मशिन अधूनमधून पडतं म्हणे. तात्यांनी फोन काढून घेतला.

"आधी अर्थिंग बघ. खड्डा घे, कोळसा-मीठ टाक, रोज तांब्याभर पाणी घाल."

"तात्या, मी अकराव्या मजल्यावर राहतो."

तात्यांनी क्षणभर विचार केला.

"मग दहाव्यावाल्याला इचार की, त्याची काई हरकत हाय का."