सोळा जावा आणि एक पुरण

दिवाळीला चिरंजीव हिंजवडीहून घरी आले. फराळाची बशी हातात धरून माझ्या टेबलाखाली वाकले, संगणकाच्या डब्याला कान लावला आणि म्हणाले, "बाबा, अजून चारच कोअर?" स्वर असा, की जणू मी अजून चाळीतल्या सामाईक नळावर पाणी भरतो.

आपल्याकडे कोअर चार आहेत, हे मला तोवर ठाऊकही नव्हतं. होते ते पुरत होते. त्या यंत्रावर मी हे सदर लिहितो, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त टंकतो आणि वीजबिल भरतो. यंत्र सुरू व्हायला चार मिनिटं घेतं, तेवढ्यात माझा चहा होतो. आमचं एकमेकांशी बरं जमलं होतं. पण हिरडीत चकलीचा काटा रुतावा तसा तो 'चारच' रुतून बसला.

अभ्यासाला लागलो. माझा प्रोसेसर 2012 सालचा, इंटेलचा कोअर आय-फाइव्ह 3470. चिरंजीवांनी सुचवलेलं स्थळ एएमडीचं, रायझन 9 9950एक्स, जन्मसाल 2024. कोअर सोळा, थ्रेड बत्तीस. म्हणजे कारकून सोळा आणि प्रत्येकापुढे खिडक्या दोन.

पूर्वी या धंद्यात एकच बैल असायचा आणि तो दरवर्षी जास्त जोरात पळायचा. पळता पळता तो इतका तापू लागला, की चार गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 आणायचा बेत इंटेलने 2004 मध्ये सोडून दिला. मग 2005 पासून डेस्कटॉपला जोडी जुंपू लागले. जोडीचे चार झाले, चाराचे आठ, आठाचे सोळा. माझं शेत तेवढंच.

बैल मोजण्यातही गोम आहे. एएमडीने 2011 मध्ये बुलडोझर घराण्यातला आठ कोअरचा प्रोसेसर विकायला काढला. आत डोकावावं तर निव्वळ वाडा! बिऱ्हाडं आठ, पण दर दोन बिऱ्हाडांत मोरी एक; दशांशाची गणितं करणारा भाग दोघांत सामाईक. अमेरिकेतले भाडेकरू कोर्टात गेले आणि 2019 मध्ये कंपनीने 1 कोटी 21 लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. आपल्याकडे सामाईक मोरीवरून दोन पिढ्या दावा चालतो आणि हाती पुढची तारीख येते. इंटेलने पुढे वेगळी वाट धरली. त्यांच्या 2022 च्या आय-नाइन 13900के मध्ये कोअर चोवीस. पैकी आठ दणकट, सोळा काटकसरीचे. आठ कायम, सोळा कंत्राटी, आणि खोक्यावर हजेरीपटासारखे सगळे एकत्र मोजलेले. कुठल्याही नगरपालिकेच्या आस्थापना विभागाला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही.

तरी मोह सुटेना. डोंबिवलीहून दादर, तिथून ग्रँट रोड आणि मग डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ज्याला सगळे अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतात.

"काका, काम काय करता?" दुकानदाराने विचारलं.

"लिहितो."

"व्हिडिओ एडिटिंग?"

"नाही. लिहितो. मराठीत."

"गेमिंग?"

"पत्ते. एकट्याने."

त्याने कॅल्क्युलेटर खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचलला. "तरी काका, भविष्याचा विचार करायला पाहिजे." वयाच्या बासष्टाव्या वर्षी मला भविष्य आहे, असं कुणीतरी मोकळेपणाने म्हणालं. मी लगेच स्टूल ओढून बसलो.

नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर बसत नाही. तिथे 1155 टोकांचं सॉकेट, याला 1718 चं हवं. बोर्ड नवा, तर जुनी डीडीआर3 रॅम बाद, डीडीआर5 घ्या. जुना होता 77 वॉटचा, नवा 170 चा, म्हणून पॉवर सप्लाय बदला. पंखा खोक्यात येत नाही, तो वेगळा. आणि तो जुन्या कॅबिनेटात मावत नाही. आकडा लाखाच्या पलीकडे सरकला तेव्हा मी विचारलं, "मग जुन्यातलं राहतं काय?"

"माउस," तो म्हणाला. "पण तोही आता..."

कच्चं बिल घेऊन घरी आलो. बायकोने चष्मा लावून ते वाचलं. "अहो, सोळा कोअर म्हणजे?" मी समजावलं, की काम वाटून घेणारे सोळा जण.

"म्हणजे सोळा जावा. डाळ शिजवून पुरण वाटायला दोन तास, पोळ्या लाटून भाजायला दोन तास. जावा आल्या तर पोळ्या साडेसात मिनिटांत होतील. पण सोळा जणी कुकरभोवती उभ्या राहिल्या म्हणून शिट्टी लवकर होते का?"

हेच जीन अमडाल नावाच्या अभियंत्याने 1967 मध्ये मांडलं आणि आज तो त्याच्या नावाचा नियम आहे. चार तासांचं काम सोळा जणींत दोन तास साडेसात मिनिटांवर येतं; जावा सोळाशे आणा, दोन तासांच्या खाली काही उतरत नाही. चित्रफिती बनवणं, त्रिमिती चित्रं रंगवणं ही पोळ्या लाटण्याची कामं, तिथे सोळा कोअर सोन्यासारखे. सदर लिहिणं म्हणजे डाळ शिजणं.

"आणि तवे किती?" तिने जाता जाता विचारलं.

मी माहितीपत्रक चाळलं. सोळांनाही मेमरीकडे जायचे रस्ते दोन. "दोनच," मी म्हणालो. ती काही न बोलता आत गेली.

रात्री टास्क मॅनेजर उघडला. मी टंकत होतो आणि प्रोसेसर चार टक्के कामात होता. बाकीचा शहाण्णव टक्के माझ्या पुढच्या वाक्याची वाट पाहत बसलेला. त्याच्याखाली हार्डडिस्कचा आकडा मात्र शंभर. चार मिनिटांच्या चहाचं गुपित ती गरगरणारी तबकडी होती! गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या पोराने एका दुपारी तिच्या जागी एसएसडी बसवली. आता चहाचं आधण कोमट व्हायच्या आत यंत्र तयार असतं. खरं सांगू, मला वाईट वाटलं. लाखाचं दुखणं काही हजारांत बरं झालं, तर चारचौघांत सांगायचं काय?

पण एक मुद्दा उरलाच आणि त्याचा कोअरशी काडीचा संबंध नाही. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, वर टीपीएम 2.0. माझा पडला तिसऱ्या पिढीतला. धडधाकट उभा आहे, चार टक्क्यांत माझं काम उरकतोय, पण हयातीचा दाखला नाही. नोव्हेंबरात मी माझा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो, तेव्हा बोटांचे ठसे उमटेनात. कारकून हळहळून म्हणाला, "तुम्ही आहात हे मला दिसतंय हो, मशीनला पटत नाही." त्या दिवसापासून माझ्या प्रोसेसरशी माझं नातं बदललं आहे. लिनक्स घाला, असं सांगणारे दोघे भेटले. कोणतं घालावं यावरून ते आपसांतच भांडत निघून गेले.

परवा चिरंजीवांचा फोन आला. "ठरलं का बाबा? नाहीतर माझाच देतो ना तुम्हाला. आठ कोअर. मी तसाही सोळावाला घेतोय. तुम्हाला म्हणून अर्ध्या किमतीत."

दिवाळीत टेबलाखाली वाकलेली ती पाठ आता मला नीट दिसली.

"कोणता रे?"

"रायझन 7, 1700. मस्त चालतोय अजून."

"साल?"

"2017."

तोवर यादी मला पाठ झाली होती. रायझनमध्ये पहिल्या पिढीला दारातूनच परत पाठवतात.

"दाखला आहे का त्याचा?" मी विचारलं.

फोनवर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता.