कॅमेऱ्याचे घर

आमच्या डोंबिवलीच्या गृहसंस्थेत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या या गृहस्थांचे जन्मनाव मी येथे सांगणार नाही; संस्थेच्या दप्तरी ते असेल तसे असो, जिन्यावरील व्यवहारात मात्र गेली कित्येक वर्षे सर्वजण त्यांस भिंगराव म्हणतात, आणि पोस्टमनास दुसरे नाव सांगितले तर तोच बुचकळ्यात पडतो. वय सत्तावन्न, नोकरी सरकारी हिशेब खात्यात, प्रकृती कृश, आणि उजवा खांदा डाव्याहून अंगुळभर खाली, कारण त्या खांद्यावर पिशवी असते. त्यांची ओळख ज्यांना छायाचित्रकार म्हणून करून दिली जाते ती मंडळी काही वेळाने साहजिकच त्यांनी काढलेली छायाचित्रे पाहू मागतात, आणि तेथे त्या ओळखीस पहिला तडा जातो. स्वयंपाकात निष्णात असणे आणि भांड्यांचा शौक असणे या दोन गोष्टी एकाच घरात नांदतीलच असे नाही. तांब्यापितळेची मांडणी पाहून पाट मांडण्याची घाई करू नये.

कॅमेरा विकत घेणे हे एका दुपारचे काम आहे, आणि म्हणूनच भिंगरावांच्या मते ते हलके काम आहे. त्यांचे सारे सामर्थ्य निवडीत खर्ची पडते. बाजारात नवा कॅमेरा आला की त्याच्या नावे एक प्रकरण उघडले जाते, त्यात गुणदोषांची टिपणी लिहिली जाते, तज्ज्ञांचे अभिप्राय मागवले जातात, त्या अभिप्रायांतील विसंगतीवर खुलासे मागवले जातात. आणि हे सर्व सोपस्कार यथासांग पार पडून प्रस्ताव मंजुरीच्या उंबरठ्यावर येतो न येतो तोच त्या कॅमेऱ्याचे उत्पादन बंद झाल्याची वार्ता येऊन प्रकरणावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा पडतो. पन्नास मिलिमीटरचे भिंग १.८ छिद्राचे घ्यावे की १.४ चे, या प्रश्नावर त्यांनी एक अख्खा पावसाळा घालवला. या दोहोंत प्रकाशाचे अंतर पाऊण पायरीहूनही कमी, किमतीचे अंतर मात्र चांगले जिनाभर. तरीही ‘अंधारात प्रसंग आला तर?’ हा त्यांचा प्रश्न काही केल्या निरुत्तर होईना. मी म्हटले, ‘अहो, अंधारात तुम्ही साडेनऊला झोपता.’ त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, जणू लेखापरीक्षकाने पावतीविना आलेल्या बिलाकडे पाहावे. १ जानेवारी २०१९ रोजी डिजिटल कॅमेऱ्यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा त्या दिवशी त्यांच्याकडे शिरा झाला, आम्हां सर्वांना वाटीवाटीने वाटला गेला. खरेदी मात्र झाली नाही. कराला एकदा उतार लागलाच आहे तर तो आणखी कोठवर जातो हे पाहणे शहाणपणाचे, असा त्यांचा हिशेब होता. तो उतार तेथेच थांबला. भिंगराव अजून वाट पाहत आहेत.

निवडीचे हे कामकाज एका बाजूस चालू असता दुसऱ्या बाजूस निधिसंकलनही अव्याहत चालू असते. भिंगरावांपाशी लाल पुठ्ठ्याची एक चोपडी आहे. पहिल्या पानावर ‘श्री’, त्याखाली ‘भिंगनिधी’ असे लेखाशीर्ष, आणि मग रोजकीर्द. पूर्वी तीत साधी जमा असे : रिक्षा न करता स्टेशनापर्यंत पायी गेलो, रुपये वीस, कचेरीतला दुसरा चहा सोडला, रुपये दहा. पुढे त्यांच्या हिशेबी प्रतिभेस असे स्फुरले की, जो खर्च करण्याची इच्छा मनात खरोखर उत्पन्न झाली आणि जो आपण निग्रहपूर्वक टाळला तो सारा बचतच होय. आणि तेव्हापासून जमेस धरबंध राहिला नाही. मिसळीच्या हॉटेलासमोर ते उभे राहात, तर्रीचा वास घेत, तोंडास पाणी सुटल्याची खात्री करून घेत, आणि न खाता पुढे जात. घरी येऊन चोपडीत ऐंशी रुपये जमा. इच्छा प्रामाणिक नसेल तर रक्कम धरायची नाही, हा नियम ते कटाक्षाने पाळीत. ज्या दिवशी पोट बिघडलेले असे त्या दिवशीची मिसळ त्यांनी कधीही जमेस घेतली नाही. एका मे महिन्यात तर त्यांनी सहकुटुंब काश्मीरला जाण्याचा विचार संपूर्ण तपशिलासह केला, हाउसबोटीच्या भाड्याची चौकशी केली, लोकरीच्या कपड्यांची यादीसुद्धा केली, आणि रविवारी रात्री जाणे रहित करून एका फटक्यात चौसष्ट हजार रुपये जमा केले.

‘अहो, आपण काश्मीरला जाणार होतो?’ वहिनींनी विचारले.

‘होतो. रद्द केले.’

वहिनी या बोलक्या स्वभावाच्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक दोनशेपानी वही आणली आणि तीत आपली जमा सुरू केली. पहिली नोंद न घेतलेल्या पैठणीची होती, दुसरी न केलेल्या पाटल्यांची, आणि तिसरी, जी वाचून भिंगराव काहीसे अस्वस्थ झाले, ती माहेरी न निघून गेल्याची. तिच्यापुढे रक्कम कोरी होती. दिवाळीपर्यंत दोन्ही वह्यांची शिल्लक मिळून सहा लाखांच्या वर गेली. बँकेच्या पासबुकात त्याच दिवशी तीन हजार एकशे बारा रुपये होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खात्यांचा ताळमेळ घालणारा हा मनुष्य त्या रात्री या तीन पुस्तकांपुढे बराच वेळ बसून होता असे ऐकतो.

आता पिशवीविषयी. भिंगराव ‘बॅग’ म्हणतात आणि कोणी ‘पिशवी’ म्हटले की त्यांस दुखते. पण ज्या वस्तूवर मनुष्याचा जीव जडतो तिला घरचे नाव असावे या मताचा मी असल्याने पिशवीच म्हणणार. ती घेण्यापूर्वी त्यांनी पिशव्यांचे जे पुराण मला ऐकवले ते खरोखर रंजक होते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ‘इन्क्वायरर’ या वृत्तपत्रातील जिम डॉम्की नावाचे छायाचित्रकार ताठ, चौकोनी पेट्यांना विटले आणि १९७६ च्या सुमारास त्यांनी मऊ कॅनव्हासाची पिशवी शिवून घेतली, ती पुढे वार्ताहरांच्या खांद्यांवरून जगभर फिरली. इंग्लंडातील बिलिंगहॅम ही पेढी १९७३ साली निघाली ती मासे धरणाऱ्या हौशी लोकांच्या पिशव्या शिवण्यासाठी. न्यूयॉर्ककडून मागणी वाढू लागली तेव्हा पेढीच्या ध्यानी आले की, तेथे या पिशव्यांत गळ आणि मासे जात नसून कॅमेरे जात आहेत. दोन पदरी कापडामध्ये रबराचा थर, पितळी बक्कल, चामड्याचे पट्टे : भिंगराव हे सांगत असता त्यांचा आवाज कीर्तनकाराचा झाला होता. दाराआडून वहिनींनी त्यातले एवढेच ऐकले की महागाई भत्त्याची सारी थकबाकी मासळीच्या पिशवीवर खर्ची पडणार आहे. ज्या घरात बोंबलाचे नुसते नाव निघाले तरी खिडक्या उघडतात त्या घरात यावर काय झाले असेल ते वाचकांनी ताडावे.

पिशवी आली. तिची किंमत आतल्या कॅमेऱ्याच्या किमतीहून अधिक होती, कारण कॅमेरा फोर्टातल्या बोरा बाजारातून, कोणा मागील मालकाने वापरलेला, ‘तूर्त, तात्पुरती सोय’ म्हणून घेतलेला होता. ती तात्पुरती सोय आज अकरा वर्षांची आहे. पिशवीस एकंदर सात कप्पे. पैकी दोन भरलेले आणि पाच रिक्त. मंजूर आस्थापनेवरील पद रिक्त राहिले की ते रद्द होण्याची भीती असते हे ज्याच्या हाडीमाशी खिळले आहे, त्या सरकारी नोकराला रात्री झोप कशी लागावी? तेव्हा एका कप्प्यात पुसण्याचे फडके, दुसऱ्यात फुंकणी, तिसऱ्यात सिलिका जेलची पुडी, अशा कनिष्ठ नेमणुका तातडीने करण्यात आल्या, आणि उरलेल्या दोन जागा ‘वरिष्ठ भिंगांसाठी राखीव’ ठेवण्यात आल्या.

या पिशवीपूर्वी त्यांच्याकडे दुसरी होती, ती वेल्क्रोची. तिचा त्याग का करावा लागला तो प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. मेहुणीच्या मुलीचे लग्न, अंतरपाट धरलेला, भटजींनी शेवटचे मंगलाष्टक ओढून ओढून संपवत आणलेले, सभागृह अक्षतांच्या मुठी वळून तयार. आणि त्या क्षणी भिंगरावांनी भिंग बदलावयाचे ठरवून पिशवीचे झाकण उघडले. जुने धोतर टरकावे तसा तो आवाज झाला. वरपक्षाचे दोन वृद्ध दचकून स्वतःकडे पाहू लागले, पुढच्या रांगेतील मुलांनी ती खूण समजून अक्षता टाकल्या, आणि लग्न मुहूर्तापूर्वी काही पळे लागले. भिंग बदलेपर्यंत हार घालून झाले होते. त्या लग्नाचे भिंगरावांकडे एकच छायाचित्र आहे, ते अंतरपाट घडी करणाऱ्या भटजींचे.

नव्या पिशवीचा मुख्य गुण म्हणून त्यांनी मला जो सांगितला तो असा की, ती पाहून आत कॅमेरा आहे असे कोणासही वाटत नाही, सबब चोराचे लक्ष जात नाही. या गुणासाठीच तिची एवढी किंमत. आणि भिंगरावांचे दुःख तरी काय? तर ती पाहून आत कॅमेरा आहे असे कोणासही वाटत नाही. कचेरीत शिपायाने विचारले, ‘साहेब, विमा एजन्सी घेतली का?’ जिन्यात भेटलेल्या एका आजींनी त्यांस रक्ताचा नमुना नेणारा समजून उपाशीपोटी असल्याचे सांगितले. तेव्हा ज्या गोष्टीच्या गोपनासाठी त्यांनी सारी थकबाकी मोजली, ती गोष्ट ते आता दिवसभर, न विचारताच, ज्याला त्याला सांगत असतात.

मी एकदा वाद घालून पाहिला. म्हटले, छायाचित्रकार होमाई व्यारावाला बाईंनी अवजड कॅमेरे घेऊन सायकलवरून दिल्ली पालथी घातली. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने जन्मभर बहुतेक काम पन्नास मिलिमीटरच्या एका भिंगावर केले, आणि कॅमेऱ्याचा चकचकीत भाग दिसू नये म्हणून त्यावर काळी पट्टी चिकटवली. भिंगराव विचारात पडले. माझा बाण लागला असे वाटून मी चहाचा घोट घेतला. मग ते हळूच म्हणाले, ‘पण पिशवी कोणती होती हो त्यांची?’

हे खूळ आले कोठून, याचा उलगडा मला एका पावसाळी संध्याकाळी झाला. दिवे गेले होते. भिंगरावांनी कपाटाच्या तळातून एक तपकिरी चामड्याची वस्तू काढून माझ्या हाती दिली. कडा झिजलेल्या, आतली मखमल विटलेली, पितळी बटण मात्र अजून कट्‌कन लागणारे. वडिलांच्या आग्फा क्लिक-थ्री कॅमेऱ्याचे ते घर. चष्म्याच्या घराला जसे आपण घर म्हणतो तसे त्यांच्याकडे यालाही घरच म्हणत. वडील सातारा भागात तलाठी. वर्षातून एखादा रोल, त्यात बारा चौकोनी चित्रे. दसऱ्याचे एक, बैलांचे एक, भावंडांचे ओळीने एक. कॅमेऱ्यास हात लावण्याची मुलांना सक्त मनाई. पण चित्र काढताना ते घर कोठे तरी ठेवावे लागे, आणि धुळीत नको म्हणून वडील ते यांच्या हाती देत. ‘नीट धर,’ एवढेच म्हणत. ते दोन्ही हातांनी नीट धरून हा मुलगा श्वास रोखून उभा असे. कॅमेरा पुढे थोरल्या भावाकडे गेला आणि तेथे हरवला. घर राहिले. भिंगरावांनी बटण लावले, उघडले, पुन्हा लावले. मी काही बोललो नाही. आणि थट्टेचा जो मजकूर ओठांवर होता तो गिळल्याची ऐंशी रुपयांची जमा मी माझ्या नावे धरली.

दिवे आले, आणि भिंगराव लगेच पूर्ववत झाले. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते म्हणून त्यांनी आर्द्रता आवरणारे एक विजेचे कपाट आणले आहे. काचेचे दार, आत निळा दिवा, आणि दर्शनी बाजूस ४५ टक्क्यांचा आकडा. त्यात एक कॅमेरा, दोन भिंगे, आणि खालच्या दोन खणांत वहिनींचे पापड. कुरकुरीतपणाच्या बाबतीत आमच्या इमारतीत त्या पापडांना तोड नाही. या कपाटाचा खर्च भिंगनिधीतून पडला; तळणीचा योग येतो तेव्हा तो वसूल होतो असे सर्वांचे मत आहे.

मागल्या हिवाळ्यात आम्ही दोघे रोहित पक्षी पाहण्यास ऐरोलीस गेलो. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली रोहितांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे, आणि भरतीच्या वेळी तेथून होडी निघते. दूरचे टिपणारे मोठे भिंग अद्याप विचाराधीन असल्यामुळे भिंगरावांपाशी पन्नास मिलिमीटरचेच होते, आणि त्यातून समोरची ती गुलाबी पंगत कोणी चिखलावर कुंकू सांडल्यासारखी दिसत होती. तरी त्यांनी चित्रे काढली. घरी येऊन पाहिली तेव्हा एकूण चौदा भरली : अकरा धूसर, आणि तीन इतकी रेखीव की प्रत्येक धागा मोजून घ्यावा. ती तीन होडीतील पलीकडच्या बाकावर बसलेल्या गृहस्थांच्या पिशवीची होती.

गेल्या मंगळवारी रात्री नऊच्या सुमारास भिंगरावांनी माझ्या दाराची कडी वाजवली. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला वाटले, सेवानिवृत्तीनंतरची मुदतवाढ मिळाली. सांगू लागले : संध्याकाळची लोकल, उभे राहण्यास पाऊलभर जागा, पिशवी रीतीप्रमाणे छातीशी धरलेली, घाटकोपर गेल्यावर समोरच्या एका पंचविशीच्या मुलाने पिशवीकडे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि म्हणाला, ‘काका, बिलिंगहॅमची हॅडली ना?’ भिंगरावांनी खाली पाहिले तर मुलाच्या खांद्यावरही तीच, फक्त रंग हिरवा. मग काय विचारता! पितळेवर चढणारी कळा, पट्ट्याची लांबी, पावसात कापडाचे वागणे. बोलता बोलता डोंबिवली कधी आली ते कळले नाही, मुलगा उतरायचा ठाण्याला तो गप्पांच्या नादात यांच्याबरोबर येथवर आला आणि उलट गाडीने परत गेला.

‘आणि कॅमेरा कोणता होता त्याच्याकडे?’ मी विचारले.

‘कॅमेरा अजून नाही. पैसे साठवतो आहे. तूर्त डबा असतो आत, पोळीभाजीचा.’ भिंगरावांनी पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला. ‘पण काय नीट धरली होती हो त्याने!’