पायपुसण्याची नक्षी

आमच्या मिशिगनमधल्या नोव्हायच्या घरात एकही मॅट आता सुरक्षित नाही. बाथरूममधली रबरी मॅट, कपाटाच्या खणातलं जाळीदार लायनर, गरम पातेल्याखाली ठेवायची सिलिकॉनची चकती, सगळ्यांवरून मी हात फिरवतो आणि डोळे बारीक करून म्हणतो, "टेक्श्चर चांगलं आहे." मातीकामाचा क्लास लावल्यापासून मी 'नक्षी' म्हणायचं सोडलंय. नक्षी कोणीही काढतं.

कृती पोळी लाटण्याइतकीच सोपी. गोळा कॅनव्हासवर साधारण सहा मिलिमीटर जाड लाटायचा, चिकटू नये म्हणून वर कॉर्नफ्लॉर भुरभुरायचं, मॅट पालथी घालायची आणि लाटणं जोर देऊन एकदाच फिरवायचं. दुसऱ्यांदा फिरवलं तर मॅट सरकते आणि ठसा दुहेरी उमटतो. मग ती कोपऱ्यातून हळूच सोलायची. या वेळी माझ्या चेहऱ्यावर जे तेज येतं त्याचा बायकोने फोटो काढून ठेवलाय. लग्नाच्या अल्बममध्ये तसं तेज सापडत नाही, अशी तिची तक्रार आहे. पुढचं भट्टी बघते. दुसऱ्या भाजणीला बाराशे अंशांच्या वर गेली की पातळ हिरवी झिलई चरांत साचून गडद होते आणि उंचवट्यांवर फिकी राहते. थोडक्यात, वीण मॅटची, रंगाचा खेळ गुरुत्वाकर्षणाचा आणि तळाशी सही माझी. सही ठसठशीत आहे.

सगळ्यांत देखणा ठसा पायपुसण्याचा. या विषयावर मला कोणी अडवू नये. आमच्या लहानपणी पायपुसणं विकत आणणं म्हणजे उधळेपणा. ते घरातच घडायचं. लुगडं विरलं की गोधडीत जायचं, गोधडीतून उरलेल्या चिंध्यांची वेणी घालून ती गोल शिवली की पायपुसणं, आणि तेही झिजलं की मोरीपाशी शेवटची बदली. दिवाणखान्याच्या दाराशी मात्र काथ्याचं, 'वेलकम' लिहिलेलं. ते चांगलं, म्हणून त्यावर पाय द्यायची कोणाची छाती नव्हती. पाहुणे वळसा घालून आत येत आणि पावलं लादीवर उमटवत. मिशिगनमध्येही फार वेगळं नाही. आम्ही गॅरेजमधूनच आत शिरतो, बर्फाचे बूट रबरी ट्रेमध्ये काढतो, पुढचं दार उघडतं ते पार्सलापुरतं. तरी त्या दाराशी काथ्याचं पायपुसणं लागतंच, आणि उलटवून पाहिलं तर बऱ्याचदा ते भारतातलं निघतं. केरळात कोणीतरी नारळाचा काथ्या वळला, विणला, तो दोन महासागर ओलांडून इथे आला, आणि त्यावर पाय कोणी पुसले नाहीत ते नाहीतच. मी माती लाटली.

डेट्रॉईटसारख्या मोटारींच्या गावाशेजारी राहून गाडीतली मॅट सोडणं हा करंटेपणा झाला असता. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारं पाणी बुटांवरून गाडीत येतं, म्हणून या मॅटना खोल चर असतात. त्या ठशाची मी मोठी थाळी केली.

"यात आमटी वाढली तर चरात साठेल," बायको म्हणाली.

"त्यासाठीच आहेत ते."

डेट्रॉईटची प्युवॉबिक पॉटरी आमच्यापासून गाडीने तासाभराच्या आत. मेरी चेस पेरी स्ट्रॅटन यांनी 1903 मध्ये ती सुरू केली. इंद्रधनुषी चमक असलेली त्यांची झिलई अजून नावाजली जाते, आणि ती त्यांनी स्वतः प्रयोग करून करून साधलेली. माझ्या थाळीकडे बघून मात्र पाहुणे हमखास विचारतात, "वा! मॅट कुठून आणली?" थाळी कोणी केली, हे कोणी विचारत नाही. मला याचा मनापासून राग येतो.

शेजारच्या जपानी काकूंनी सुशीची बांबूची चटई दिली आणि सहज सांगितलं, की त्यांच्याकडे ओल्या मातीवर दोरीचे ठसे उमटवायची कला दहा हजार वर्षांहून जुनी आहे. जोमोन भांडी म्हणतात त्यांना. मी लगेच आपल्याकडचं शोधलं. काश्मीरमधल्या बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन भांड्यांच्या बुडावर चटईचे ठसे आहेत. भांडं चटईवर ठेवून घडवलेलं, म्हणून तळाशी वीण उमटली. नक्षीसाठी कोणी ती उमटवली नसावी. चटई केव्हाच कुजली. कोणी विणली ते भांडं सांगत नाही, पण कशी विणली, कुठला धागा वर आणि कुठला खाली, ते अजून मोजता येतं. वाचून मी जरा गप्प झालो. माझी सही त्या दिवशी मला उगाचच मोठी वाटली.

तेवढ्यात आईचं पार्सल आलं. आमच्या सांगलीच्या टीव्हीवर वर्षानुवर्षं पांघरलेला तिने विणलेला क्रोशाचा रुमाल त्यात होता. मी तो मातीत दाबला आणि भाजून आलेली बशी तिला व्हिडिओ कॉलवर दाखवली.

"रुमाल मातीत घातलास?"

"धुतला नंतर. बघ की, तुझा एकेक टाका उमटलाय."

तिने चष्मा लावला. फोन नाकाला लावून बराच वेळ बघितलं. "डाव्या कडेला एक खांब सुटलाय. टीव्हीवर कळत नव्हतं." मग म्हणाली, "पालथी कर." केली.

"हे तुझं नाव कशाला रे? विणलं कोणी?"

आता त्या रुमालाच्या ठशाच्या बश्यांच्या तळाशी तिचं नाव वर असतं, माझं खाली, बारीक अक्षरात. अडलंय ते गाडीच्या मॅटच्या थाळीपाशी. न्यायाने तिथे कंपनीचं नाव कोरायला हवं, आणि मॅटचे पूर्ण पैसे मोजल्यावर वर फुकट जाहिरात करायची माझी तयारी नाही.